पावापुरो नव्याने खेळणाऱ्यांसाठी: पहिल्या खेळाडूपासून कोशिएनपर्यंत

कोनामी कंपनीने 1994 साली सुपर फॅमिकॉम या निन्टेन्डोच्या गेम मशीनवर एक बेसबॉल गेम आणला. नाव ‘जिक्क्यो पॉवरफुल प्रो याक्यू’, पण जपानात सगळे त्याला ‘पावापुरो’च म्हणतात. यातले खेळाडू बघताक्षणी ओळखू येतात: मोठं गोल डोकं, चेहऱ्यावर बहुतेक वेळा फक्त डोळे आणि भुवया, हातपाय धडाला न जोडलेले. दिसायला लहान मुलांचा गेम वाटतो, मात्र आत शिरलं की तासन्‌तास उठवत नाही. त्याचं कारण 1996 च्या ‘पावापुरो 3’ पासून आलेली ‘सक्सेस’ ही पद्धत. त्यात एका अनोळखी पोराला हाताशी धरायचं, आठवड्यागणिक त्याचा सराव, विश्रांती, मैत्री, दुखापती सांभाळायच्या आणि त्याला व्यावसायिक बेसबॉलच्या दारापर्यंत न्यायचं. पुढे याच मालिकेत शाळेच्या संघाचा प्रशिक्षक होण्याची ‘एइकान नाइन’ ही पद्धत आली.

मराठी माणसाला हा गेम सुरू करताना दोन भिंती लागतात. एक जपानी भाषा, दुसरी बेसबॉल. दोन्ही वाटतात तेवढ्या उंच नाहीत. ज्या क्रमाने गेलं तर कमीत कमी डोकेदुखी होईल, तो क्रम पुढे देतो आहे.

पायरी 1: कुठला गेम घ्यायचा

सध्याच्या कन्सोलवर सुरुवात करायची तर ‘पॉवरफुल प्रो याक्यू 2024-2025’ घ्या. तो 18 जुलै 2024 रोजी प्लेस्टेशन 4 आणि निन्टेन्डो स्विचसाठी आला. त्याआधीचा 2022 चा गेमही चांगला आहे आणि जुना असल्यामुळे स्वस्तात मिळू शकतो. दोन्ही फक्त जपानीत आहेत.

स्विचच्या कार्ट्रिजला आणि प्लेस्टेशन 4 च्या डिस्कला प्रदेशाचं कुलूप नाही. जपानहून मागवलेली प्रत भारतातल्या, दुबईतल्या किंवा अमेरिकेतल्या मशीनवर चालते. प्लेस्टेशन 5 ला डिस्क ड्राइव्ह असेल तर त्यावरही चालते. डाउनलोड विकत घ्यायचं असेल तर जपान प्रदेशाचं खातं लागतं. खातं उघडायला पैसे लागत नाहीत, अडचण पैसे भरताना येते. जपानी निन्टेन्डो ई-शॉपने 25 मार्च 2025 पासून परदेशात दिलेली क्रेडिट कार्डं घेणं बंद केलं आहे, त्यामुळे जपानी प्रीपेड कोड लागतो. माझा सल्ला कार्ट्रिजचाच आहे. ते पुढे कुणाला देता येतं, विकताही येतं.

इंग्रजीशिवाय नकोच असेल तर दोन वाटा आहेत. ‘डब्ल्यूबीएससी ई-बेसबॉल: पॉवर प्रोज’ हा छोटा गेम 2023 मध्ये अगदी नाममात्र किमतीत आला आणि त्यात इंग्रजी आहे. त्यात सक्सेस किंवा एइकान नाइन नाही, मात्र मैदानावरचा खेळ हाच आहे, त्यामुळे हात बसवायला तो उत्तम. दुसरी वाट जुनी: ‘एमएलबी पॉवर प्रोज’, 2007 आणि 2008 चे, निन्टेन्डो वी आणि प्लेस्टेशन 2 वरचे. त्यांत अमेरिकी संघ आहेत आणि सक्सेसही इंग्रजीत आहे. घरात जुनं मशीन पडून असेल तर सेकंडहँड डिस्क शोधाच.

पायरी 2: भाषेची तयारी

संपूर्ण जपानी शिकायची गरज नाही. काताकाना लिपीची मूळ 46 अक्षरं शिका. बेसबॉलचे बरेच शब्द जपानीत इंग्रजीतूनच आलेत आणि ते काताकानात लिहितात: सुतोरेतो म्हणजे सरळ वेगवान चेंडू, काबु म्हणजे कर्व्ह (वळत खाली जाणारा चेंडू), सुराइदा म्हणजे स्लायडर (बाजूला सरकणारा चेंडू), मीतो म्हणजे बॅटला चेंडू नीट लागण्याचं कौशल्य, पावा म्हणजे ताकद. रोज थोडा वेळ दिलात तर दोन आठवड्यांत मेनूतला बराचसा भाग वाचता येऊ लागतो.

संवादांसाठी फोनचा कॅमेरा आणि भाषांतराचं ॲप वापरा. संवाद बटण दाबेपर्यंत स्क्रीनवर थांबतो, त्यामुळे घाई होत नाही. सगळे संवाद भाषांतरित करत बसू नका. जिथे दोन-तीन पर्याय समोर येतात तेवढेच नीट वाचा, कारण खेळाडूचं भवितव्य तिथेच ठरतं. एक वही ठेवा आणि पर्याय काय होते, कुठला निवडला, काय वाढलं, काय घटलं हे लिहीत जा. तेच प्रसंग पुढच्या खेळात पुन्हा येतात, तेव्हा ही वही कुठल्याही ॲपपेक्षा जास्त कामाला येते.

पुण्यात जपानीचे वर्ग भरपूर चालतात आणि जेएलपीटी ही जपानी भाषेची परीक्षाही तिथे होते. त्या वाटेवर असलेल्यांना मी आग्रहाने सांगेन की वाचनाच्या सरावासाठी हा गेम घ्या. शाळा, वर्गमित्र, गुरुजनांशी बोलायची आदराची भाषा, मित्रांशी बोलायची सलगीची भाषा, सगळं यात भरपूर आहे.

पायरी 3: बेसबॉल, कामापुरतं

दोन्ही बाजूंना नऊ-नऊ खेळाडू. तीन आउट झाले की डावाची बाजू बदलते आणि असे नऊ डाव होतात. पिचरचा, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याचा, चेंडू ठरलेल्या चौकोनातून गेला किंवा फलंदाजाने बॅट फिरवूनही चुकला तर स्ट्राइक. चौकोनाबाहेर गेला आणि फलंदाजाने सोडून दिला तर बॉल. तीन स्ट्राइकला फलंदाज बाद, चार बॉलला त्याला पहिला बेस, म्हणजे धावताना गाठायचा पहिला टप्पा, फुकट. स्क्रीनवर हिरवे दिवे बॉलचे, पिवळे स्ट्राइकचे, लाल आउटचे.

क्रिकेटवर वाढलेल्या आपल्या हाताची एक सवय इथे मोडावी लागते: प्रत्येक चेंडू खेळायचा मोह. बेसबॉलमध्ये वाईट चेंडू सोडून देणं हीही कमाई आहे. बाकीचे नियम खेळता खेळता समजतात.

पायरी 4: मैदानावर हात बसवणे

थेट सक्सेसमध्ये उडी मारू नका. आधी सराव विभागात जाऊन फलंदाजी करा. स्टिकने एक लहानसा कर्सर हलतो आणि चेंडू जिथे येणार तिथे तो नेऊन बटण दाबायचं असतं. फटक्याचे दोन प्रकार आहेत. साध्या फटक्याला कर्सर मोठा असतो, पण चेंडू लांब जात नाही. जोरदार फटक्याला कर्सर एवढासा होतो, मात्र बरोबर लागला तर चेंडू थेट प्रेक्षकांत. नवख्याने जोरदार फटक्याच्या नादी लागू नये असं बरेच जण सांगतात, मला ते पटत नाही. शून्य स्ट्राइक असताना जोरदार, दोन स्ट्राइक झाल्यावर साधा, असा नियम पहिल्या दिवसापासून ठेवा. दोन्हीचा सराव होतो.

सेटिंगमध्ये दोन मदती मिळतात, त्या निःसंकोच घ्या. ‘रोक्कु-ऑन’ चालू केलं की कर्सर आपोआप चेंडूकडे सरकतो आणि तुम्हाला फक्त वेळ साधायची राहते. क्षेत्ररक्षण ‘ऑटो’वर टाकलं की धावणं आणि फेकणं संगणक सांभाळतो. संगणकाची ताकद सर्वांत खालची ठेवा. वरची पातळी ‘पॉवरफुल’, तिच्याकडे सध्या बघूही नका.

पिचिंग त्या मानाने सोपं आहे. दिशा दाबून चेंडूचा प्रकार निवडायचा, मग जागा ठरवायची. एकाच जागी लागोपाठ दोनदा टाकू नका आणि वेग बदलत राहा. सुरुवातीला एवढं पुरतं.

पायरी 5: सक्सेस, म्हणजे वेळेचा हिशेब

सगळे सक्सेसला खेळाडू घडवण्याचा खेळ म्हणतात. माझ्या मते तो वेळ खर्च करण्याचा खेळ आहे. ठरावीक आठवडे हातात असतात आणि दर आठवड्याला एकच काम करता येतं: सराव, विश्रांती, बाहेर फिरणं किंवा कुणाला भेटणं. सगळं मिळवायला वेळ कधीच पुरत नाही. ही गोष्ट आधी मान्य केली की पुढचे निर्णय सोपे होतात.

डोळा ठेवायच्या गोष्टी चार.

पहिली दमाची पट्टी. प्रत्येक सरावाने ती घटते. ती खाली असताना सराव केला की दुखापतीची शक्यता वाढते, आणि एका दुखापतीत कित्येक आठवडे बुडतात. पट्टी निम्म्याखाली गेली की विश्रांतीचा विचार करा, तृतीयांशावर आली की विचारही करू नका, विश्रांती घ्या.

दुसरी मूड. चेहऱ्याच्या रंगावरून तो कळतो: गुलाबी सर्वांत उत्तम, मग लाल, पिवळा मध्यम, निळा वाईट, जांभळा सर्वांत वाईट. मूड चांगला असताना सरावाचं फळ जास्त मिळतं. नवे खेळाडू विश्रांती आणि भटकंतीला वाया गेलेला वेळ समजतात. प्रत्यक्षात निळ्या चेहऱ्याने केलेले तीन सराव गुलाबी चेहऱ्याने केलेल्या दोन सरावांपुढे फिके पडतात.

तिसरी प्रशिक्षकाचं मत. ते खाली असेल तर संघात जागाच मिळत नाही, मग सामने नाहीत, मग गुणही नाहीत. चौथी स्काउटचं मत, म्हणजे व्यावसायिक संघांसाठी खेळाडू हेरणाऱ्यांचं. शेवटी ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघ नवे खेळाडू घेतात तेव्हा, निवड होणार की नाही हे त्यावर ठरतं.

सरावातून अनुभव-गुण मिळतात आणि त्यांचे प्रकार वेगवेगळे असतात: स्नायूबळ, चपळाई, तंत्र, मनोबल, पिचरसाठी वळणाऱ्या चेंडूचे. हे गुण खर्चून क्षमता वाढवायची. क्षमता 1 ते 100 मध्ये मोजतात आणि सोबत अक्षर असतं. 90 च्या वर एस, 80 च्या वर ए, 70 च्या वर बी, असं उतरत 20 च्या खाली जी. जितकं वर जाल तितका पुढचा प्रत्येक अंक महाग. म्हणून पहिल्या खेळाडूला सगळं थोडंथोडं देऊ नका, दोनच क्षमता निवडा.

आता एक आठवडा जवळून बघू. समजा तुमचा फलंदाज दुसऱ्या वर्षात आहे. दम निम्म्याच्या किंचित वर, मूड पिवळा, सामन्याला तीन आठवडे. ताकदीच्या सरावाशेजारी दोन मित्रांचे चेहरे दिसताहेत, म्हणजे या आठवड्यात तिथे जास्त गुण मिळणार. त्याच वेळी ज्या मुलीशी ओळख झाली आहे तिला भेटायचा पर्यायही उघडा आहे. मी इथे ताकदीचा सराव घेईन, कारण दोन मित्र एकत्र दर आठवड्याला भेटत नाहीत. पुढच्या आठवड्यात तिला भेटेन, म्हणजे मूड लाल होईल. तिसऱ्या आठवड्यात पूर्ण विश्रांती, म्हणजे सामन्याला दम भरलेला. हाच प्रसंग दम तृतीयांशावर असताना आला असता तर दोन मित्र असूनही मी तो सराव सोडला असता. अशी तीन आठवड्यांपुढची नजर लागली की खेळाडू सुधारायला लागतात.

खास गुणांबद्दल थोडं. निळ्या पट्टीतले चांगले, लाल पट्टीतले वाईट, सोनेरी अतिशय दुर्मीळ आणि जबरदस्त. काही प्रसंगांतून एखाद्या गुणाची ‘कोत्सु’ मिळते, म्हणजे तो गुण घ्यायची किंमत उतरते. त्यामुळे अनुभव-गुण हातात आले की लगेच उडवू नका. सामन्यात उभं राहण्यापुरते खर्च करा, बाकीचे साठवा आणि कोत्सु मिळाल्यावर वापरा.

सोबतच्या पात्रांची ओळख करून घ्या. चष्मेवाला याबे तुमचा जिवलग. प्रत्येक वाक्य ‘दे यान्सु’ने संपवतो, त्यामुळे जपानी न येणाऱ्यालाही तो पहिल्या तासात कळतो. इकारी मामोरु हा श्रीमंत घरचा डावखुरा पिचर, मालिकेतला कायमचा प्रतिस्पर्धी. हायाकावा आओई ही कमरेखालून चेंडू टाकणारी मुलगी. मुलांच्या संघात जागा मिळवण्यासाठी तिची जी धडपड चालते, त्यामुळे माझं या मालिकेवर फार प्रेम आहे.

आणि मग डॉक्टर दाइजोबु. हा विचित्र शास्त्रज्ञ एखाद्या दिवशी अचानक येतो आणि शस्त्रक्रिया करून तुम्हाला बलवान करतो म्हणतो. यशस्वी झाली तर क्षमता एकदम उड्या मारतात, फसली तर खेळाडूचं मोठं नुकसान होतं, आणि फसण्याचीच शक्यता जास्त. पहिल्या काही खेळाडूंमध्ये नम्रपणे नकार द्या. खेळाडू आधीच बिघडला असेल, हरवण्यासारखं काही उरलं नसेल, तेव्हा हो म्हणा.

पहिला खेळाडू कमजोर निघणार. ई आणि एफने भरलेला, कदाचित ड्राफ्टमध्येही न निवडलेला. त्याला पुसून टाकू नका, जतन करा. पाचव्या खेळाडूशेजारी त्याला ठेवून पाहिलं की आपण काय शिकलो ते स्वच्छ दिसतं.

पायरी 6: एइकान नाइन

‘पावापुरो 14’ मध्ये, 2007 साली, ही पद्धत आली आणि आज जपानात कित्येक जण फक्त हिच्यासाठी गेम विकत घेतात. इथे तुम्ही शाळेच्या संघाचे प्रशिक्षक. ध्येय एकच: कोशिएन.

कोशिएन हे ह्योगो प्रांतातल्या निशिनोमिया शहरातलं मैदान, 1924 साली बांधलेलं. दर उन्हाळ्यात इथे देशातल्या शाळांची स्पर्धा भरते. 47 प्रांतांमधून 49 संघ येतात, कारण तोक्यो आणि होक्काइदोला दोन-दोन जागा आहेत. सगळी स्पर्धा बाद पद्धतीची. एक हरलात की घरी. तिसऱ्या वर्षाच्या मुलांसाठी ती हार म्हणजे शाळेतल्या बेसबॉलचा शेवट, आणि हरलेले संघ मैदानाची माती पिशवीत भरून नेतात ही जुनी रीत आहे. हे माहीत असेल तर गेममधली प्रत्येक निवृत्ती वेगळीच लागते.

सुरुवातीला प्रांत निवडायचा. इथे नेम धरून निवडा. पूर्वीचे प्रसिद्ध व्यावसायिक खेळाडू ‘पुनर्जन्म’ घेऊन पहिल्या वर्षाचे विद्यार्थी म्हणून येऊ शकतात, आणि कोण येईल हे त्यांची खरी शाळा कुठल्या प्रांतात होती यावर ठरतं. ओसाकासारख्या प्रांतातून मोठे खेळाडू खूप निघाले, तिथे ही संधी जास्त. काही विशेष हेतू नसेल तर ओकायामा घ्या. पुण्यात सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान ज्या कोराकुएन बागेवरून उभं राहिलं ती तिथलीच, आणि ओळखीच्या गावाच्या नावाने संघ उभारला की त्यात जीव गुंततो.

दिवस पुढे सरकतात ते कार्डांनी. हातातल्या प्रत्येक कार्डावर एक आकडा आणि एक सराव असतो. पाचचं कार्ड टाकलं की पाच घरं पुढे, म्हणजे पाच दिवस. जिथे थांबाल त्या घराचं फळ मिळतं: निळं घर चांगलं, लाल वाईट. नवखे खेळाडू कार्डावरचा सराव बघून कार्ड टाकतात. आधी घर बघा, मग सराव. लाल घर टाळणं हे चांगल्या सरावापेक्षा महत्त्वाचं. लहान आकड्यांची कार्डं शक्यतो राखून ठेवा. दोन लाल घरांच्या मधल्या निळ्यावर नेमकं उतरायला तीच लागतात.

एप्रिलमध्ये नवी मुलं येतात. उन्हाळ्यातल्या पराभवानंतर तिसऱ्या वर्षाची मुलं जातात आणि नवा कर्णधार निवडावा लागतो. शरद ऋतूतल्या स्पर्धेत चांगलं खेळलात तर पुढच्या वसंतात कोशिएनवरच्या ‘सेम्बात्सु’ स्पर्धेचं आमंत्रण मिळू शकतं. शाळेचा लौकिक वाढला की पुढच्या वर्षी चांगली मुलं येतात. म्हणून पहिली तीन वर्षं कोशिएनचं स्वप्न बाजूला ठेवून लौकिक वाढवा. प्रांतीय स्पर्धेत एक-दोन सामने जिंकणं एवढंच लक्ष्य पुरे. सगळं लक्ष तिसऱ्या वर्षाच्या मुलांवर देण्याचा मोहही होतो, पण दुसऱ्या वर्षाचा निदान एक पिचर तयार नसेल तर पुढचं वर्ष फार कठीण जातं.

सामन्यात तुम्ही मुख्यतः हुकूम देता: चेंडू जमिनीलगत मार, बंट कर (बॅट न फिरवता चेंडू हळूच अडव), बेस चोर (फटक्याची वाट न बघता पुढच्या बेसकडे पळ), थांब. कमजोर संघासाठी जमिनीलगतचा फटका सोन्यासारखा, कारण कमजोर क्षेत्ररक्षक चुका करतात. शिवाय प्रत्येक मुलाच्या स्वभावानुसार त्याची एक खास चाल असते. कोशिएनमध्ये राक्षस राहतो, तो जिंकलेला सामना फिरवतो, असं जपानात म्हणतात, आणि गेममध्ये ‘मामोनो’ नावाची चाल नेमकी तीच आहे. ती चालली की प्रतिस्पर्ध्यांच्या हातून चेंडू सुटू लागतात. ही चाल लाजाळू स्वभावाच्या मुलांकडे असते. समजा शेवटचा डाव आहे, दोन रनने मागे आहात, एक आउट, आणि खेळायला येणारा मुलगा तिसऱ्या वर्षाचा, मीतो ई, पावा एफ, पण लाजाळू. नवखा प्रशिक्षक इथे फलंदाज बदलतो. तुम्ही बदलू नका. मामोनो लावा आणि चेंडू जमिनीलगत मारायला सांगा. संघ निवडतानाच असा एक मुलगा राखून ठेवलात तर हरत आलेले कित्येक सामने परत मिळतात.

पायरी 7: पुढे काय

सक्सेसमधून निघालेला खेळाडू ‘मायलाइफ’मध्ये नेता येतो. तिथे तो जपानच्या 12 व्यावसायिक संघांपैकी एकात खेळतो, करार करतो, लग्न करतो, निवृत्त होतो. फक्त त्याचीच फलंदाजी किंवा पिचिंग तुम्ही खेळायची, बाकी सामना गेम स्वतः पुढे नेतो. खऱ्या लीगमध्ये मोसमाला 143 सामने असतात, त्यामुळे सगळे हाताने खेळायचा हट्ट धरू नका. महिन्यातले मोजके निवडा. ‘पेनंट’मध्ये अख्खा संघ चालवायचा असतो. तो जपानी संघ आणि खेळाडू ओळखीचे झाल्यावरच रंगतो, म्हणून त्याला शेवटी ठेवा.

खेळाडू चांगला जमला की त्याला ‘पावा नंबर’ घ्या. तो क्रमांक मित्राने त्याच्या गेममध्ये टाकला की तुमचा खेळाडू त्याच्या संघात येतो. दोघांनी गेमची एकच आवृत्ती घ्या, आणि पहिली अदलाबदल दोघांच्या सर्वोत्तम पिचरची करा. मित्राने घडवलेल्या पिचरसमोर स्वतःच्या फलंदाजाला उभं केलं की पुढच्या सक्सेसमध्ये नेमकं काय वाढवायचं ते लगेच समजतं.